व्हय म्हाराजापर्यंतचं अंतर

अहो, मी दहा मिनिटं उशिरा पोचले.

चौदा दिवस झाले. रोज कोणी ना कोणी येतं, ओसरीवर बसतं, "च्या नको" म्हणतं आणि मग घेतं, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगते. तुम्ही माडांना पाणी सोडत होतात इथपासून. पण त्या दहा मिनिटांपाशी आले की पदर तोंडाला लावते आणि आत जाते. लोकांना वाटतं, बाईला रडू आवरत नाही. रडू येतंच, ते खोटं नाही. पण आत पळते ती त्या एका वाक्यापासून. काल तुमचं तेरावं झालं. भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, लेक-जावई संध्याकाळी निघाले, तेव्हा आज म्हटलं, निदान तुम्हाला तरी सांगून टाकू.

मालवणीत नाही जमणार मला. छत्तीस वर्षं आपण मालवणीतच भांडलो, पण हातात पेन आलं की माझी शाळेतली भाषा येते. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, सवय जाते का? हसू नका. या भाषेवरूनच तुम्ही मला 'बाई' म्हणायला लागलात, आणि मी चिडून तुम्हाला 'डायवर' म्हणायला लागले. तेव्हा ऐका, डायवर.

त्या दिवशी सकाळी तुम्ही पाइप तसाच आळ्यात टाकून पायरीवर येऊन बसलात आणि म्हणालात, "बाई, माका बरा वाटना नाय." तापानं फणफणत असताना बंदरावर गेलेला माणूस तुम्ही. हे शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकलेच नव्हते. शेजारच्या घरातून तुमची बहीण सुलू धावत आली, फोनाफोनी झाली, मालवणहून ॲम्ब्युलन्स आली. आलेल्या माणसानं तुम्हाला तपासलं आणि म्हणाला, कणकवलीला हलवायला हवं, सोबत एकच जण बसा, आणि आधीची फाईल असेल तर घेऊन या. फाईल! दोन वर्षांपूर्वी तुमची छाती तपासून घेतली तेव्हाची ती निळी फाईल कपाटात कुठल्या साड्यांखाली आहे, हे घरात मला एकटीला ठाऊक. सुलूनं तुमचा हात धरला होता तो सोडलाच नव्हता. ती म्हणाली, "वयनी, तू फाईल घेवन मागसून ये. तुका गाडी चलवूक येता. मी बसतंय हेच्यावांगडा." आणि चढली. दार लागलं.

बघा म्हणजे. मला गाडी चालवता येत नसती, तर त्या दारातून मी आत चढले असते. गेली खड्ड्यात फाईल. सुलूला बाजूला सारलं असतं आणि तुमच्या उशाशी बसले असते. तुम्ही मला गाडी शिकवलीत, म्हणून मी तुमच्याजवळ नव्हते. कशाला शिकवलीत हो?

बावन्नाव्या वर्षी माझी आडगावच्या शाळेत बदली झाली. तिथं जाणारी गाडी सकाळी एकच, तीही तिच्या मर्जीनं. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही कुठूनशी एक जुनी पांढरी गाडी आणून दारात उभी केलीत आणि म्हणालात, "चल, सड्यार." गावाच्या डोक्यावरचा तो सपाट कातळ, गुरांशिवाय तिथं चिटपाखरू नाही. मला वाटलं, आता स्टेअरिंग दाखवतील, गिअर दाखवतील. दाखवलेत, पण तासाभरात उरकलंत. पुढचे दोन दिवस नुसतं थांबायला शिकवलंत. "चलवूक कोणय शिकता," म्हणालात, "तू आधी थांबूक शीक."

कातळावर एक नारळाचं सोडण ठेवलंत. म्हणालात, वीसच्या वेगानं ये आणि सोडणापाशी ब्रेक मार. मी मारला. गाडी थांबली तिथपर्यंत तुम्ही पावलं मोजलीत. चार भरली. मग म्हणालात, आता चाळीसनं ये. पण आधी सांग, किती पावलं जाशील? मी गणिताची बाई. ताठ मानेनं सांगितलं, वेग दुप्पट तर पावलं दुप्पट, आठ. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. मी ब्रेक मारला आणि गाडी आठ ओलांडून, दहा ओलांडून, थेट सोळाव्या पावलाला जाऊन थांबली. माझा विश्वास बसेना. खाली उतरून मी स्वतः मोजली. पुन्हा चालवून पुन्हा मोजली. चाराचे सोळा, दुपटीला चौपट, हे गणित मी पाटीवर शंभरदा मांडलं असेल, पण ते माझ्याच चाकांखाली येईल असं कधी वाटलं नव्हतं. "बाई, नापास!" सातवी शिकलेला माणूस मला म्हणाला. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि आल्यावर तुम्हाला तुमचा चहा तुमच्या हातानं करून घ्यायला लावला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही लांब उभे राहून हातातलं लाल फडकं खाली टाकायचात, आणि ते दिसलं की मी ब्रेक मारायचा. फडकं दिसायचं, पाय निघायचा, आणि पाय पडेपर्यंत गाडी आपली पळतच. "डोळ्यांक दिसला म्हणजे पायाक कळला असा नसता," तुम्ही म्हणालात. "मधी गाडी फुकट पळता. त्या फुकटच्या पळण्याक जागा ठेवची लागता."

आणि किती जागा, ते मोजायची तुमची ती रीत! कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी, मोरीपाशी, कुठल्याही खुणेपाशी गेली की आपण गाऱ्हाणं सुरू करायचं. देवळात मानकरी गावासाठी देवाला साकडं घालतो तसं, सावकाश, पोटातून. "बा देवा म्हाराजा, वाटेर चलणाऱ्या सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा!" आणि देवळात सगळा गाव म्हणतो तसं शेजारच्या सीटवरच्यानं म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" ते पुरं व्हायच्या आत आपली गाडी त्या खांबाला पोचली, तर आपण फार जवळ आहोत. पाय उचलायचा. पाऊस असला तर गाऱ्हाणं दोनदा. पुढे मासळीची गाडी असली तरी दोनदा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "शिरा पडांदे तुमच्या तोंडार, देवाची थट्टा करतास?" तुम्ही म्हणालात, "थट्टा खंयची? देवाकव सांगतंय नि जागाव सोडतंय. नुसत्या देवार घालून भागाचा नाय."

मग वर्षभर मी गाऱ्हाणं घालायची आणि शेजारी बसून तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचात. मी घाईघाईत उरकलं तर डोळे वटारायचात, "खंय पळता देव? परत घाल." पुढे मी एकटी शाळेत जायला लागले. तेव्हा दोन्ही मीच म्हणायची. मागून येणाऱ्या पोरांना वाटत असेल, बाई गाडीत बसून स्वतःशीच बडबडतात.

मासळीच्या गाडीमागे दोनदा का, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं तुम्ही मालवणच्या बंदरावरून मासळीचा टेम्पो चालवलात. कणकवली स्टेशनापर्यंत, कधी घाट चढून कोल्हापूरपर्यंत. वितळलेल्या बर्फाचं पाणी, त्यात माशांचं तेल, ते वळणावळणाला रस्त्यावर सांडतं आणि मागून येणारा मोटरसायकलवाला आडवा होतो. सगळ्यांच्याच गाड्या गळायच्या, कोण लक्ष देतो? तुम्ही टेम्पोच्या खाली एक पिंप बांधून घेतलात. पाणी त्यात साठवायचं आणि घरी आणून परड्यात माडांच्या मुळाशी ओतायचं. सगळं बंदर हसलं तुम्हाला. आणि त्या पिंपाच्या घाणीवरून मी तुम्हाला काय काय नाही बोलले! तुम्ही आपले एकच, "मागसून येणाऱ्याक काय ठावक, पुढे कोण काय सांडून गेलो तो." परवा बंदरावरचे दोन म्हातारे व्यापारी आले होते. एक जण म्हणाला, "वयनी, तेची गाडी कधी पयली पोचली नाय. पण पोचलीच नाय असा एकदाव झाला नाय." मी मान हलवली आणि आत जाऊन उगाच पातेली विसळत बसले.

तुमच्या उजव्या गुडघ्यावर तो लांबलचक वण होता. नवी नवरी असताना मी विचारलं, तर म्हणालात, "टायमार ब्रेक लागलो नाय." कुठे, केव्हा, आणखी कोणाला लागलं का, काही नाही. तुमचा चेहरा बघून मी परत विचारलं नाही. छत्तीस वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं हो. आता कोणाला विचारू?

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात मी तुम्हाला विजयदुर्गला घेऊन गेले. मी चालवत होते, तुम्ही शेजारी. तुम्ही आयुष्यात कोणा चालवणाऱ्याच्या शेजारी डोळा मिटला नव्हता. भावाच्या शेजारी नाही, जावयाच्या शेजारी तर नाहीच नाही; पाय आपले अदृश्य ब्रेकवर दाबलेले. त्या दिवशी देवगडचा फाटा मागे पडला आणि 'व्हय म्हाराजा' आलं नाही म्हणून मी बघितलं, तर तुम्ही घोरत होतात. तोंड उघडं, मान कलंडलेली. मी किल्ल्याजवळ सावलीत गाडी लावली आणि तुम्ही उठेपर्यंत अर्धा तास हललेसुद्धा नाही. उठल्यावर म्हणालात, "डोळो लागाक नव्हतो, ऐकत होतंय मी." खोटारडे! मला कितीतरी वेळा वाटलं, त्या झोपेबद्दल तुम्हाला काहीतरी चांगलं बोलावं. तुमचं घोरणं तेवढं सगळ्यांना रंगवून सांगितलं मी.

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते तसंच राहिलं. तुम्ही अंतर सोडायचात आणि त्या अंतरात कोणी ना कोणी घुसायचं. हायवे मोठा झाल्यापासून तर विचारूच नका. एक घुसला की तुम्ही पाय उचलून पुन्हा तेवढंच अंतर सोडायचात. मग दुसरा घुसायचा. मी शेजारी तडफडायची. "देवा सगळ्यांका वाट! आपण असेच मागे मागे सरकत परत मालवणात पोचतलव!" तुम्ही शांत. "घुसांदेत. घुसलो काय परत सोडूची." भाच्याच्या लग्नात आपण पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती.

आणि माझी आई. तिच्यापाशी आल्याशिवाय हे लिहिणं पुरं व्हायचं नाही.

वैभववाडीहून भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघा. तुम्ही मासळी उतरवून नुकते घरात पाय ठेवत होतात. तसाच रिकामा टेम्पो पुन्हा काढलात. तळेऱ्याच्या पुढे आपल्यासमोर चिऱ्यांनी भरलेला ट्रक लागला. वळणांचा रस्ता, ट्रकमागे उडणारी लाल धूळ, आणि तुम्ही त्याच्या मागे, लांब, तुमच्या त्या नेहमीच्या अंतरावर. मी म्हटलं, काढा पुढे. "पुढचा दिसत नाय," म्हणालात. मी म्हटलं, निदान जवळ तरी जा, संधी मिळाली की काढता येईल. नाही. मी हात जोडले. ओरडले. तुमचा दंड धरून हलवला. तुम्ही माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. माहेरच्या अंगणात, खळ्यात पोचलो तेव्हा माणसं उभी होती. "अर्धो तास झालो," भाऊ म्हणाला.

तो अर्धा तास मी तुम्हाला सतरा वर्षं ऐकवला. आमटीत मीठ कमी आहे म्हणालात तरी ऐकवला. "तुमच्या त्या ट्रकाच्या पाठी माझी आवस गेली," म्हणायची. तुम्ही उलटून एक अक्षर बोलला नाहीत. 'तुका जिती पोचवलंय' एवढं म्हणायला काय झालं होतं? मी म्हटलं असतं, नको होतं मला पोचायला, आणि तोंडाला तोंड लागून एकदाचं ते मिटलं असतं. तुम्ही गप्प उठायचात आणि पिंप धुवायला जायचात. तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला राग होता, डायवर. अजून आहे.

आता त्या दिवसाचं ऐका. मी फाईल घेऊन निघेपर्यंत ॲम्ब्युलन्स गावातून बाहेर पडली होती. चौकं गावच्या बाजारात गर्दीत ती अडली, तिथं मी तिला गाठलं. मागच्या दाराच्या काचेतून सुलूच्या साडीचा हिरवा पदर दिसत होता. ॲम्ब्युलन्समागे लोक कसे चालवतात तुम्हाला माहीत आहे, तिला मोकळी वाट मिळते म्हणून अगदी चिकटून. मीही चिकटले. खोटं कशाला बोलू, तीन-चार वळणं मी त्या दाराला नाक लावून होते. तुम्ही आत, मी बाहेर, मध्ये एक पत्रा, मला त्याच्याहून लांब राहायचंच नव्हतं. कट्टा गावाच्या अलीकडे रस्त्यावर गुरं आली. तिनं करकचून ब्रेक मारला आणि माझी गाडी तुमच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. हातभर!

त्यानंतर पाय आपोआप उचलला गेला, आणि तोंडातून आपोआप गाऱ्हाणं यायला लागलं. ॲम्ब्युलन्स खांबापाशी गेली की 'बा देवा म्हाराजा'. 'व्हय म्हाराजा' माझं मीच म्हणायची. कट्टा गेलं, कसाल आलं, तोवर अंतर तेवढंच होतं.

कसालला हायवे लागला आणि जे व्हायचं तेच झालं. त्या अंतरात एक गाडी घुसली. मी पाय उचलला. आणखी एक घुसली, तिच्यामागे आणखी दोन, सगळे ॲम्ब्युलन्सच्या शेपटीला लागून सुसाट निघालेले. मी त्यांना अशा शिव्या घातल्या की शाळेतल्या कोणी ऐकल्या असत्या तर पेन्शन बंद केली असती. मग एक भला मोठा कंटेनर मध्ये आला आणि तुमच्या गाडीवरचा निळा दिवा दिसेनासा झाला. मला दाबता आली असती गाडी. रस्ता रुंद होता, गाडीत दम होता. पण पाय दाबेना. तुम्ही माझ्या पायाला लावलेली सवय, ती तुमच्यासाठीसुद्धा मला मोडता आली नाही.

हॉस्पिटलच्या बाहेर बाकड्यावर सुलू बसली होती. तिच्या हातात तुमचं घड्याळ होतं. "वयनी, इतको वेळ खंय रवलंस गो?" ती म्हणाली. "धा मिन्टा झाली." माझ्या हातात निळी फाईल होती. ती कोणी मागितलीही नाही.

तिथं उभ्या उभ्या मला तुम्ही आठवलात, चिऱ्यांच्या ट्रकमागचे, धुळीत डोळे बारीक करून बसलेले. माझी आई तुमच्यासाठी कुळथाची पिठी करून ठेवायची, जावई आला की पहिला घास तुमचा. तुम्हालाही तिच्यापर्यंत पोचायचं होतं, हे सतरा वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आता शेवटचं. हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

सुलू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "दादा देवाचा नाव घेवन गेलो." लोक हात जोडत होते, भाग्यवान म्हणत होते. मला नवल वाटायचं, कारण तुम्ही देवळाची पायरी चढायचात वर्षातून एकदा, जत्रेला, तेही जत्रेतलं गोड खाजं आणायला. दुःखात माणसं असं काहीबाही बोलतात, म्हणून मी सोडून दिलं होतं. काल तेराव्याचे वडे तळत मी स्वयंपाकघरात उभी होते. ओसरीवर सुलू पाहुण्यांना तेच सांगत होती, आणि या वेळी तिनं शब्द सांगितले.

"गाऱ्हाणा घालीत होतो दादा. काचेतसून भायर बघी नि म्हणी, बा देवा म्हाराजा, वाटेर चलणाऱ्या सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा. मगे गप रवी नि माझ्या तोंडाकडे बघी. मी म्हटलंय, व्हय म्हाराजा. मगे परत काचेतसून बघी नि परत घाली."

झारा माझ्या हातातून तेलात पडला. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि सगळ्यांदेखत तिचा खांदा धरला. "खंयच्या काचेतसून बघी?"

सुलू गोंधळली. "पाठल्या. तेच्या पायांकडे काच होती ना, दाराची, थंयसून."

"सगळो वेळ?"

"पयलो लय कासावीस होतो गो. काचेकडे हात करी, माका कायच समजना नाय. कट्टो गेल्यार शांत झालो. मगेच गाऱ्हाणा सुरू केल्यान."

"आणि कसालाक?"

ती माझ्याकडे बघेना. तिला ते सांगायचं नव्हतं, मला दिसत होतं. "तेना इचारल्यान, बाईची गाडी दिसता? मी म्हटलंय, नाय, ती मागे रवली, मधी दुसरेच घुसले. खरा सांगतंय वयनी, माका तुझो राग इलो होतो. पण तो म्हणालो, रवांदे. परत अंतर सोडल्यान आसतला. येतली ती." सुलूनं डोळे पुसले. "मगे डोळे मिटल्यान."

अहो, तुम्ही माझं अंतर मोजत होतात. आधी काचेला चिकटलेली माझी गाडी बघून तुमच्या दुखऱ्या छातीची काय गत झाली असेल! आणि मग मी मागे सरले, तेव्हा तुम्ही खांब धरलात. एकेक खांब तुमच्या काचेत दिसायला लागला की तुम्ही सुरू करत होतात, आणि माझी गाडी त्याच्यापाशी केव्हा येते ते बघत होतात. तेच खांब, तेच शब्द, मी माझ्या गाडीत, तुम्ही तुमच्या. माझ्या 'व्हय म्हाराजा'ला तुम्ही नव्हतात आणि तुमच्याला मी नव्हते. तुमच्या शेजारी बसले असते तर हे कळलं नसतं मला, एवढीच समजूत काढते. ती पुरत नाही. मला तुमचा हात धरायचा होता. मला तिथं असायचं होतं.

मी सुलूला काही सांगितलं नाही. सगळ्या गावासाठी तिचा दादा देवाचं नाव घेऊन गेला आहे, तिला त्याचा आधार आहे, तो कशाला काढून घेऊ? आणि तुम्ही म्हणायचातच, देवालाही सांगतोय आणि जागाही सोडतोय. तिचंही चुकलेलं नाही.

मी मात्र चुकले. तुम्ही मला एका शब्दात सोडलंत, 'रवांदे', राहू दे, म्हणालात, आणि तोही मी ऐकत नसताना. माझ्या दहा मिनिटांचा तुम्ही राग धरला नाहीत. मी तुमच्या अर्ध्या तासाचा सतरा वर्षं धरला. आता म्हणते. तो ट्रक, ती धूळ, तो अर्धा तास, रवांदे हो. तुम्ही मला जिवंत पोचवलंत, आणि नंतर छान जगवलंत. हे तुम्ही असताना म्हणायला माझी जीभ का झडली होती, कोण जाणे.

आज सकाळी हॉस्पिटलमधून तुमचे कागद आणायचे होते. सुलू म्हणाली, एकटी नको जाऊ, आणि येऊन तुमच्या सीटवर बसली. तोच रस्ता. चौकं गेलं आणि पुढे मासळीची गाडी लागली, पिंप नसलेली, वळणावळणाला पाणी गाळत चाललेली. मी पाय उचलला. ती एका खांबापाशी गेली आणि माझ्या तोंडून सवयीनं आलं, "बा देवा म्हाराजा, वाटेर चलणाऱ्या सगळ्यांका…" पुढचं 'सांभाळ' मागे राहिलं. कसंबसं काढलं. शेजारी सुलूनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि देवळात म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मासळीची गाडी होती, म्हणून मी परत घातलं. ती परत म्हणाली. मग खांब आला.